घर शांत असतं, डोकं नसतं

अर्धीखिडकी | गुरुवार, रात्री ११:४०

परवा रात्री असं झालं की घरात जागी अशी मी एकटीच होते. मुलगी मैत्रिणीकडे, नवरा कामानिमित्त बाहेरगावी, आणि आईला औषधाने गाढ झोप लागलेली. (आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे, आमच्याकडेच असते.) नऊ वाजले होते. पंख्याची घरघर सोडली तर कसलाही आवाज नाही. कितीतरी महिन्यांपासून मी हाच एक तास मागत होते. म्हटलं, आता निवांत बसू.

बसले, आणि पाचव्या मिनिटाला मी मनातल्या मनात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याशी भांडत होते. दुपारच्या मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तुमच्याकडून वेळेवर येईल याची खात्री नसते ना, म्हणून आधीच विचारलं." तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आता मात्र एकापाठोपाठ एक उत्तरं सुचत होती. मी काय बोलेन, त्यावर तो काय म्हणेल, मग मी त्याला कसं गप्प करेन. भानावर आले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. जबडा घट्ट आवळलेला, खांदे वर चढलेले. तेवढ्यात आईने हाक मारली आणि मी तिच्यावर खेकसले, "आता काय?" तिला फक्त कूस बदलून हवी होती.

त्याच्या वाक्यापेक्षा माझे ते दोन शब्द मला जास्त लागलेत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

ध्यानाची ॲप्स वापरून झाली. पहाटे उठून बसून पाहिलं. डोळे मिटले की विचार दुप्पट होतात. सगळं सोडून कुठे लांब जायचं मला नकोय, आणि जाताही येणार नाही. नोकरी आहे, आई आहे, हे सगळं आहे तसंच राहणार. त्यातच मन जरा थाऱ्यावर राहावं, एवढंच मागणं आहे. ज्यांना थोडंफार जमलंय त्यांनी स्वतः नेमकं काय केलं, ते सांगाल का?

सावकाशचाल | गुरुवार, रात्री ११:५२

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की माझाही जबडा आवळलेला आहे. सध्या एवढंच. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

निळीशाई | शुक्रवार, सकाळी ६:१५

ताई, डोळे मिटले की विचार दुप्पट होतात हा तुमचा दोष नाही. मन घडलंच तसं आहे. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

१९८७ साली डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं काहीही विचार करा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा करू नका. आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर मोकळीक दिल्यावर या मंडळींच्या मनात अस्वल जास्तच येऊ लागलं, ज्यांनी पहिल्यापासून मोकळेपणाने त्याचा विचार केला होता त्यांच्यापेक्षाही जास्त. एखादी गोष्ट मनात येऊ द्यायची नाही असं ठरवलं की ती आली का हे बघायला मनाला सारखं डोकवावं लागतं, आणि डोकावलं की ती तिथे असतेच. "आता शांत व्हायचं" हा हुकूमही त्याच जातीचा.

दुसरं म्हणजे, रिकामं बसलं की मेंदू बंद पडत नाही. मार्कस राइकल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की बाहेरचं काम थांबल्यावर मेंदूचे काही ठरावीक भाग उलट जास्त जागे असतात. आपण, आपली माणसं, झालेलं, होणारं, याचा हिशोब त्यांच्याकडे असतो. तुम्ही नऊ वाजता बसलात तेव्हा तोच कारखाना सुरू झाला, आणि त्याला कच्चा माल मिळाला दुपारचा. अर्धवट राहिलेलं.

हा "अर्धवट" शब्द महत्त्वाचा आहे. ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये नोंदवलं होतं की पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहतात. पुढे २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांना आढळलं की ते काम प्रत्यक्ष पूर्ण व्हावं लागतंच असं नाही. ते कधी, कुठे, कसं करायचं हे नीट ठरवलं तरी मनाची टोचणी बरीच थांबते. मला हे फार दिलासा देणारं वाटतं, कारण आपली बहुतेक कामं आज रात्री संपणारी नसतातच.

मी काय करते? उशाशी एक वही असते. झोपण्याआधी डोक्यात जे घोळतंय ते एकेका ओळीत लिहिते आणि प्रत्येकापुढे फक्त पुढचं पाऊल टाकते. "भावाशी बिनसलंय" एवढं लिहिलं तर ते तसंच फिरत राहतं. "रविवारी अकराला भावाला फोन, पहिलं वाक्य: त्या दिवशी मी चढ्या आवाजात बोलले" असं लिहिलं की सुटतं. पहिलं वाक्य लिहिणं फार मोलाचं. माझ्या अनुभवात तरी मन सगळ्यात जास्त अडतं ते पहिल्या वाक्यापाशी.

पाणकणीस | शुक्रवार, सकाळी ९:०५

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

तुमच्या मनाला काही झालेलं नाही. चार लोकांत तुमचा अपमान झाला आणि तो तुम्हाला लागला. लागायलाच हवा होता. प्रत्येक बोचणी श्वास मोजून निजवायची नसते. मी अशी वर्षं काढली आहेत. वरिष्ठ काहीही बोलले तरी घरी येऊन ध्यानाला बसायचो, "आपण मोठ्या मनाने घ्यावं" म्हणायचो. मोठं मन वगैरे काही नव्हतं, बोलायची भीती होती आणि तिला मी शांततेचं नाव दिलं होतं. शेवटी ती भीती छातीत धडधड होऊन बाहेर पडली.

त्या माणसाला दोन वाक्यं सांगा. एकट्याला गाठून, शांत आवाजात. तो सुधारेल म्हणून नाही. तुमचं वाक्य तुमच्या घशात राहू नये म्हणून.

निळीशाई | शुक्रवार, सकाळी ९:२०

पाणकणीस, +१. वहीत लिहायचं पुढचं पाऊल कधी कधी हेच असतं.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी २:३०

मी परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. आत्ताच उठले.

आमच्या कामात निवांत तास नावाची गोष्ट नसते. मॉनिटरचे आवाज, नातेवाईकांचे प्रश्न, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर. सुरुवातीच्या वर्षात मी घरी जाऊन नुसती रडायचे. मग एका वयस्कर सिस्टरने मला एक गोष्ट शिकवली. ती म्हणाली, "तू दिवसातून किती वेळा हात धुतेस? तेवढे वेळा तुला सुट्टी आहे."

साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, तसा नियमच आहे. तेवढ्या वेळात सावकाश घेतले तर पाच-सहा श्वास होतात. मी श्वास घेण्याकडे लक्ष देत नाही, सोडण्याकडे देते. पाणी तळव्यावर पडतं, बोटांच्या मधल्या बेचक्यांत साबण जातो, अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा, मग नखं तळव्यावर घासायची. या प्रत्येकाबरोबर लांब उच्छ्वास. आधीच्या खाटेवर जे झालं ते त्या पाण्याबरोबर जाऊ द्यायचं. पुढच्या माणसाकडे त्याचं काहीही न्यायचं नाही.

हा मनाचा खेळ नाही, शरीराचं यंत्रच तसं आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. उच्छ्वास लांबवला की व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला सावकाश चालायला लावतो. मॉनिटरवर मी हे रोज डोळ्यांनी बघते. घाबरलेल्या पेशंटचा हात धरून त्याच्याबरोबर हळूहळू श्वास सोडत राहिलं की वरचा आकडा खाली येताना दिसतो. दर वेळी येतोच असं नाही. पण येतो.

अर्धीखिडकी ताई, आईची कूस तुम्ही दर दोन तासांनी बदलत असाल ना? रात्रीसुद्धा? मग तुमची झोप सलग होतच नसणार. तुटक झोपेवर कुणाचंच मन थाऱ्यावर राहत नाही. आधी त्याचं काही करता येतंय का बघा. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसरं कुणी उठू दे. हे मागणं म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे.

दोनओळी | शुक्रवार, संध्याकाळी ७:१०

मला मात्र श्वासाने उलट होतं. लक्ष दिलं की तो अडकतोय असं वाटतं, मग घाम फुटतो. सगळे म्हणतात सोपं आहे, आणि मला तेवढंही जमत नाही.

रात्रपाळी | शुक्रवार, संध्याकाळी ७:४५

असं पुष्कळांना होतं, त्यात तुमचं काही चुकत नाही. श्वास सोडून द्या, त्याचं तो बघेल. डोळे उघडे ठेवा. तळपाय जमिनीला कुठे कुठे टेकलेत ते बघा, टाच, चवडा, करंगळी. नाहीतर लांबचा एखादा आवाज ऐका. लक्ष ठेवायला जागा हवी, ती श्वासाचीच असली पाहिजे असं नाही. आणि घाम, धडधड वरचेवर होत असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. ताप आल्यावर आपण जातो तसंच जायचं.

दोनओळी | शुक्रवार, रात्री ९:३०

करंगळी खरंच टेकत नाही माझी, आज पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

तिसराप्रहर | शनिवार, सकाळी ७:००

निवृत्त शिक्षक. वाचनाची सवय आहे, म्हणून दोन गोष्टी.

मन आवरत नाही ही तक्रार फार जुनी. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हेच म्हणतो, मनाला धरणं वाऱ्याला धरण्याइतकं अवघड आहे. मला नेहमी आवडत आलंय ते यावरचं उत्तर. "नाही रे, सोपं आहे" असं कृष्ण म्हणत नाही. आधी कबूलच करतो की मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे, यात शंका नाही. आणि मग दोन शब्द देतो, अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींच्या योगसूत्रांतही हीच जोडी आहे.

अभ्यास म्हणजे मन जिथे जिथे पळेल तिथून पुन्हा आणणं. पुन्हा या शब्दावर जोर द्यावा. विचार आले म्हणजे ध्यान बिघडलं असं आपण धरून चालतो. मन पळाल्याचं ध्यानात येऊन ते परत आणलं, तोच तर अभ्यास. वीस वेळा पळालं तर वीस वेळा अभ्यास झाला. आणि वैराग्य म्हणजे घर सोडणं असं मला वाटत नाही. तुम्ही मनात त्या सहकाऱ्याला गप्प करत होतात ना? त्या लढाईत जिंकण्याची ओढ सोडणं, हेसुद्धा वैराग्यच. पाणकणीस म्हणतात तसं बोलावंच, पण जिंकण्यासाठी नको.

आता दुसरी गोष्ट. आपली भाषा बघा. "मला राग आला", "भीती वाटली", "दडपण आलं". आपण रागाला येणारा म्हणतो. पाहुण्यासारखा तो येतो, म्हणजे जाणाराही असतो. मी वर्षानुवर्षं हे नुसतं बोलत होतो, ऐकत नव्हतो. अलीकडे राग आला की मनात म्हणतो, "राग आलाय." बास, पुढे त्याच्याशी चर्चा नाही. एवढ्याने तो जात नाही, पण मी आणि तो असे दोघं वेगळे होतो.

निळीशाई | शनिवार, सकाळी ७:४०

सर, तुमच्या "राग आलाय" ला प्रयोगाचाही आधार आहे. मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की भीतीच्या वेळी पेटणाऱ्या अमिग्डाला या मेंदूच्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली.

कोरापाट | शनिवार, दुपारी ४:२०

मी दहा दिवसांचं मौन शिबिर केलं आहे. खरोखर फार शांत वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. घरी परतल्यावर तिसऱ्याच दिवशी मुलाने भिंतीवर रेघोट्या ओढल्या आणि मी त्याच्यावर हात उगारला. त्याचे डोळे मला अजून दिसतात.

तेव्हा कळलं की तिथली शांतता तिथल्या वेळापत्रकाची होती. मला तिची सवय घरात लावायची होती, आणि घरात दहा दिवस मिळत नाहीत, दहा पावलं मिळतात. आमच्या फाटकापासून दारापर्यंत तेवढंच अंतर आहे. गेली चार वर्षं मी ती दहा पावलं मोजून चालतो. फोन खिशात. दारापाशी पोचल्यावर किल्ली काढायच्या आधी स्वतःला विचारतो, आत काय घेऊन चाललोय? बरेचदा उत्तर "चीड" असं येतं. मग मी फाटकापर्यंत परत जातो आणि पुन्हा येतो. एकदा सहा फेऱ्या झाल्या होत्या.

सावकाशचाल | शनिवार, रात्री १०:०५

सहा फेऱ्या! उद्यापासून मीही करणार.

अर्धीखिडकी | रविवार, रात्री १२:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. वही सुरू केली आहे. त्यातल्या पहिल्या दोन ओळी ऑफिसच्या होत्या, त्या लिहिल्यावर खरंच हलकं वाटलं. तिसरी ओळ मात्र मला पुरी करता येत नाहीये. "आईवर खेकसले." याचं पुढचं पाऊल काय लिहू? तिला आठवतही नसेल कदाचित. आणि हे एकदाच झालेलं नाही. कधी कधी मनात असंही येतं की हे सगळं कधी संपणार. मग स्वतःची इतकी किळस येते की काही विचारू नका. हे इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

घोंगडी | रविवार, पहाटे ५:५०

ताई, मी आजवर इथे फक्त वाचत आले. आज लिहिते.

माझ्या वडिलांचं मी सहा वर्षं केलं. "हे कधी संपणार" हा विचार मलाही यायचा. कधी त्यांचे कपडे बदलताना यायचा, कधी रात्री तिसऱ्यांदा हाक आली की. मी तो कुणालाही सांगितला नाही. मला वाटायचं, हा विचार येतो म्हणजे माझं प्रेम खोटं आहे. माझी सगळी ताकद त्यांची सेवा करण्यात कधीच गेली नाही, तो विचार लपवण्यात गेली.

ते गेल्यानंतर बऱ्याच काळाने मावशीशी बोलताना तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, "अगं, तुला दमणूक संपायला हवी होती. बाप संपायला नको होता." तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी दोन तास रडले. ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला आजच सांगते.

आणि पुढचं पाऊल विचारलंत. माफी मागा. मनात नको, मोठ्याने, तिचा हात हातात घेऊन. तिला आठवत नसलं तरी मागा. मी एकदा मागितली होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझे हात गार पडलेत." एवढंच. मला अजून पुरतंय ते.

तिसराप्रहर | रविवार, सकाळी ८:१०

घोंगडी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

रात्रपाळी | रविवार, दुपारी ३:००

मी आमच्या वॉर्डात हे दोन वेगळ्या वाक्यांचं नातेवाईकांना सांगणार आहे. तुमची परवानगी गृहीत धरते.

अर्धीखिडकी | तीन आठवड्यांनी, रात्री ११:१५

धागा वर काढते. कळवायचं राहिलं होतं.

सहकाऱ्याशी बोलले. वहीत पहिलं वाक्य लिहून नेलं होतं, "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही जे म्हणालात, ते मला लागलं, आणि ते खरंही नव्हतं." तो गडबडला, "तसं काही नव्हतं" म्हणाला, माफी वगैरे काही मागितली नाही. पण त्या रात्री डोक्यातलं भांडण आलं नाही. पुढच्या आठवड्यात एकदा आलं, तेव्हा "राग आलाय" म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. हात धुण्याचं तंत्र भांड्यांनाही लागू पडतं. रोज नाही जमत. काल अजिबात जमलं नाही, मुलीशी वाजलं. नंतर तिच्या खोलीत जाऊन बसले, तेवढं केलं.

बुधवारी आणि शनिवारी रात्री नवरा उठतो. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू कधी म्हणालीच नाहीस." हे ऐकून आधी चीड आली, मग रडू आलं. खरंच नव्हते म्हणाले.

आईची माफी मागायला सगळ्यात जास्त दिवस लागले. गेल्या सोमवारी रात्री दोन वाजता तिची कूस बदलत होते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि वळवताना मी लांब श्वास सोडते, तशी आता सवय लागली आहे. पाठीशी उशी लावली आणि तिथेच खाली बसले. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले." ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं, झोपली. मग हळूच म्हणाली, "दिवा नको घालवूस. बस जरा."

बसले. पंखा चालू होता. तिचा श्वास माझ्यापेक्षा सावकाश चालतो हे मला त्या दिवशी कळलं. मी तिच्याबरोबर सोडायला लागले. मधे कधीतरी ऑफिसचं काहीतरी मनात आलं, मग गेलं. घड्याळात बघितलं तेव्हा तीन वाजायला आले होते आणि तिने माझं बोट धरून ठेवलेलं होतं.